भटकणारे सगळेच वाट चुकलेले नसतात : या ओळीचा खरा अर्थ काय?

सुरंगी

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने जा, एक इंग्रजी ओळ पाठ सोडत नाही. 'नॉट ऑल दोज हू वाँडर आर लॉस्ट.' होमस्टेच्या भिंतीवर, बुलेटला लटकवलेल्या पेट्यांवर, तारकर्लीला टी-शर्ट विकतात त्या हँगरांवर. मराठीत सांगायचं तर भटकणारे सगळेच काही वाट चुकलेले नसतात. खाली कवीचं नाव बहुधा नसतंच.

ओळ जे. आर. आर. टोल्किन यांची आहे. १९५४ साली आलेल्या 'द फेलोशिप ऑफ द रिंग' या कादंबरीतल्या आठ ओळींच्या कवितेतली ही दुसरी ओळ. आमच्या भाच्याच्या मते अर्थ सरळ आहे : रजा टाका, बॅग भरा, निघा. मला काही तो पटत नाही. ज्या माणसावर ही कविता आहे तो रजेवर गेलेला नाही, त्याला रजा हा प्रकारच ठाऊक नाही.

तुम्ही ही ओळ कशी वाचता? पुस्तक वाचलेलं नसेल तरी लिहा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना भटकणारी माणसं काही नवीन नाहीत.

मधली_आळी

अर्थ काय असायचाय? मुंबई-गोवा हायवेला डायव्हर्जनच्या पाट्या बघत फिरणाऱ्यांना दिलेला धीर आहे तो. 😀

कातळकडा

मधली_आळी, हसलो. पण सुरंगीताईंचा प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रसंग बघा. कथेचा नायक फ्रोडो (शत्रूला हवी असलेली अंगठी याच्याजवळ आहे) आणि त्याचे तिघे सोबती ब्री नावाच्या गावातल्या खाणावळीत उतरलेत. मागे शत्रूचे काळे स्वार लागलेत. कोपऱ्यात एक उंच, मळकट कपड्यांचा माणूस चिलीम ओढत बसलाय. खाणावळवाला बार्लिमन बटरबर हळूच सांगतो, हा त्या भटक्या रेंजरांपैकी एक, इथे याला स्ट्रायडर म्हणतात, जपून असा. हा स्ट्रायडर खोलीत येऊन म्हणतो, मला बरोबर घ्या. फ्रोडोच्या नोकराचा, सॅमचा, त्याच्यावर काडीचा विश्वास नाही.

एवढ्यात बटरबरला एक पत्र आठवतं. गँडाल्फ या जादूगाराने ते फ्रोडोला पोचवायला दिलेलं, आणि हा बाबा तीन महिने विसरलेला! पत्रात ताजा कलम आहे : भेटेल तो खरा स्ट्रायडर आहे ना याची खात्री करून घे, त्याचं खरं नाव ॲरागॉर्न. आणि खाली ही कविता. म्हणजे ती तिथे आलीय ती ओळख पटवायला. प्रवासवर्णन म्हणून नाही, सुविचार म्हणून तर नाहीच.

आठ ओळींचा भावार्थ असा : सोनं असलं म्हणून ते चकाकतंच असं नाही. भटकणारे सगळेच वाट चुकलेले नसतात. जुनं पण जोमदार असलेलं सुकत नाही, खोल मुळांपर्यंत हिवाळा पोचत नाही. मग राखेतून आग जागी होईल, सावलीतून उजेड फुटेल, मोडलेलं पातं पुन्हा घडवलं जाईल, आणि ज्याच्या डोक्यावर मुकुट नाही तो पुन्हा राजा होईल.

शेवटची ओळ धरून मागे आलं की दुसरीचा अर्थ लागतो. हा भटका राजवंशातला आहे आणि ते कोणाला माहीत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की ही ओळ स्वतःच्या छातीवर लिहायची नाहीच. दुसऱ्याने दुसऱ्यासाठी दिलेली ती साक्ष आहे. कविता फ्रोडोच्या नात्यातल्या बिल्बोने केली, गँडाल्फने पत्रात घातली. ॲरागॉर्नने पेटीवर स्टिकर लावला नव्हता.

अबोली

कातळकडा, प्रतिसाद सुरेख. पण एक सोडलंत. ॲरागॉर्न ती ओळ स्वतःही म्हणतो!

पत्र वाचून झाल्यावर फ्रोडो त्याला म्हणतो, तुम्ही शत्रूचे हेर असता तर दिसायला याहून बरे असता आणि मनाला मात्र खटकला असता. त्यावर स्ट्रायडर हसतो. म्हणजे मी दिसायला वाईट पण वाटायला बरा, असंच ना? आणि हसत हसतच सोन्याची आणि भटक्यांची ओळ म्हणतो. फ्रोडो चपापतो, कारण स्ट्रायडरने पत्र पाहिलेलंच नाही. मग त्या ओळी पत्रात आहेत हे कसं कळलं? तो सांगतो, मला ठाऊक नव्हतं, पण मी ॲरागॉर्न आहे आणि त्या ओळी त्या नावाबरोबरच येतात.

मग तो तलवार उपसतो. पातं मुठीपासून फूटभरावर तुटलेलं. सॅमला म्हणतो, फारशी उपयोगाची नाही, नाही का? मला अख्ख्या पुस्तकात ही जागा सर्वांत आवडते. राजेपणाचा पुरावा काय, तर मोडकी तलवार.

कातळकडा

बरोबर, म्हणतो. पण हसून म्हणतो, आणि समोरच्याने त्याच्या अवताराची चेष्टा केल्यावर. टी-शर्टवाला आधीच जाहीर करून मोकळा होतो. फरक आहे.

तांडेल

ह्या वाचून माका एक इचारूचा असा. दर्यात वाट खय असता? वाट चुकाक आधी वाट व्हयी मां!

आता सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. आमच्याकडे बोट बंदरातून सुटली की पुढे कुठे जायचं ते आधी ठरलेलं नसतं. मासळी असेल तिथे. बांगड्याचा थवा असला तर पक्षी वर घिरट्या घालतात, पाण्याचा रंग बदलतो. काळोख्या रात्री मासळी हलली की पाणी खालून उजळतं, म्हणून जुने लोक अंधाऱ्या पंधरवड्यात जास्त फिरायचे. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटेल, हे उगाच फेऱ्या मारतायत.

पण परतीची खूण डोक्यात पक्की असते. माझे आजोबा डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आले की म्हणायचे, आता खाली खडप आहे, जाळं टाकू नका. रात्री देवगडचा दीपस्तंभ. आता जीपीएस आलं, पण ज्याला खुणा येतात तोच तांडेल, बाकीचे मशीन चालवणारे.

म्हणून मला ही ओळ अशी कळते : हातात नकाशा नसला तरी घर कुठल्या अंगाला हे ज्याला माहीत आहे, तो हरवलेला नाही.

आणखी एक. 'सगळेच नसतात' म्हणजे काही असतात. ते विसरू नका. मी कधीच वाट चुकलो नाही म्हणणाऱ्या तांडेलाबरोबर बोटीवर चढू नये.

सुरंगी

तांडेलभाऊ, शेवटचा मुद्दा लाखमोलाचा. आणि तो पुस्तकातही आहे. त्याच कथेत गॉलम आहे, तोही वर्षानुवर्षं भटकतोय. अंगठीच्या मागे, अंधारातून, स्वतःशी बडबडत. तो हरवलेलाच आहे. गँडाल्फ, ॲरागॉर्न आणि गॉलम, तिघांचीही भटकंती आयुष्यभराची. नुसत्या फिरण्यावरून माणूस ओळखता येत नाही, हीच तर त्या कवितेची मेख.

पहिली ओळ तशीच आहे. 'चकाकतं ते सगळं सोनं नसतं' ही म्हण इंग्रजीत शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मुळे रुळली. तिथे सोन्याची पेटी उघडणाऱ्याला आत हा टोमणा लिहिलेला सापडतो. टोल्किनने ती उलटी केली. खोट्या सोन्यापासून सावध करायच्या ऐवजी, खरं सोनं तुमच्यासमोर मळकं बसलेलं असेल, असं सांगितलं. आपल्याकडे 'दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं' म्हणतात ते दोन्हीकडून लागू.

जुना_पेन्शनर

मंडळी, इंग्रजी कवितेवर एवढं लिहिताय, आपल्या समर्थांना विसरलात. दासबोध बघा :

'कुग्रामें अथवा नगरें । पाहावीं घरांचीं घरें । भिक्षामिसें लहानथोरें । परीक्षून सोडावीं ॥'

भिक्षेचं निमित्त करून गावोगाव हिंडायचं आणि लहानथोर माणसं पारखायची. 'नित्य नूतन हिंडावें, उदंड देशाटण करावें' हेही त्यांचंच. लोकांना वाटतं गोसावी झोळी घेऊन दारोदार फिरतोय, त्याचं काम वेगळंच चाललेलं असतं. आणि दासबोध जिथे लिहिला गेला असं परंपरा सांगते ती शिवथरघळ कुठे आहे? महाडजवळ, म्हणजे आपल्या कोकणातच!

मधली_आळी

काका, वडाची साल पिंपळाला लावताय.

जुना_पेन्शनर

लावतोय खरी. पण लागतेय का नाही ते सांगा.

कातळकडा

लागतेय, थोडी. ॲरागॉर्न आणि त्याचे रेंजर करतात काय? शायरच्या, म्हणजे फ्रोडोच्या मुलखाच्या सीमेवर पहारा. शायरमधल्या लोकांना त्याचा पत्ताही नाही. पुढे एल्रॉन्ड या एल्फ सरदाराने भरवलेल्या सभेत ॲरागॉर्न बोलून दाखवतो की, एका लठ्ठ माणसाच्या लेखी मी नुसता स्ट्रायडर आहे, आणि ज्यांच्यामुळे त्याचं काळीज गोठेल असे शत्रू त्याच्या गावापासून दिवसभराच्या चालीवर आहेत. पहारा अखंड चालू आहे म्हणून ते गाव उभं आहे. लगेच पुढे म्हणतो, पण हे असंच असावं अशीच आमची इच्छा. साध्या लोकांना भीती आणि काळजी नसली तर ते साधे राहतील, आणि त्यासाठी आम्ही लपून राहिलं पाहिजे.

तो लठ्ठ माणूस म्हणजे अर्थात आपला बटरबर.

फरक इतकाच की समर्थांचा गोसावी माणसं जोडायला हिंडतो आणि हा माणसांपासून लांब राहून राखण करतो. भटकणं दोघांचंही कामाचं, एवढ्यापुरतं काकांना +१.

भाताचं_खाचर

राखणीवरून आठवलं. आमच्याकडे दिवाळी झाली, भात झोडून झालं की घाटावरून धनगरांचे वाडे उतरतात. पुढे मेंढरं, मागे घोड्यांवर संसार, त्यावर बांधलेली कोंबडी, कधी तान्हं मूल. मुंबईहून आलेला आमचा पाहुणा म्हणाला, काय हे बिचाऱ्यांचं भटकं आयुष्य!

बिचारे कसले? शेतकऱ्याशी बोलणी आधी झालेली असतात. रात्री कापणी झालेल्या खाचरात मेंढरं बसवायची, लेंडी-मूत जमिनीला मिळतं, बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. दुसऱ्या रात्री दुसरं खाचर. पाऊस लागायच्या आत ते घाट चढून गेलेले असतात, कारण कोकणातला पाऊस मेंढराला मानवत नाही, खूर सडतात. वाट, मुक्काम, कोणाच्या शेतात किती रात्री, सगळं बापापासून मुलाकडे आलेलं. आमचा गुगल मॅप लावून आलेला पाहुणा मात्र कशेडी उतरून भलतीकडे गेला होता.

रोकडा_सवाल

छान चाललंय, पण मला थोडं टोचून बोलू द्या. तांडेल, धनगर, गोसावी, सगळ्यांना तुम्ही त्या ओळीत बसवताय. त्यातला कोण ती ओळ लावून फिरतो? ती लावून फिरतो तो पगारी रजेवरचा माणूस. इथल्या बोटीवर आणि आंब्याच्या बागेत राबायला नेपाळहून आलेला पोरगा दिसला की तोच माणूस होमस्टेवाल्याला विचारतो, हे लोक कोण, यांचं व्हेरिफिकेशन केलंय का? एकाची भटकंती, दुसऱ्याची पोटामागची फरफट. पहिल्याला कविता, दुसऱ्याला पोलीस ठाण्यात नोंद.

आणि आमचे चाकरमानी? गिरणीत गेलेल्या आजोबांना कोणी विचारलं होतं का, भटकायचंय का म्हणून?

सुरंगी

रोकडा_सवाल, मुद्दा कडू आहे पण खरा. उलट मी म्हणेन, कविता तुमच्याच बाजूची आहे. ब्रीतले लोक रेंजरांकडे ज्या नजरेने बघतात तीच ही नजर. कोण, कुठला, कशाला आलाय. कविता त्या नजरेला उत्तर देते. बागेतल्या राखणदाराबद्दल ती म्हणता येते, रजेवरच्या माणसाबद्दल म्हणायची गरजच काय? त्याच्यावर कोणी संशय घेतलेला नाही.

अबोली

मला दशावतारावर लिहायचं होतं, आता लिहितेच.

'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असं दशावताऱ्यांबद्दल आमच्याकडे सर्रास म्हणतात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मंडळी पेटारा घेऊन निघतात. आज या गावच्या देवळात, उद्या त्या. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर, मग आख्यान. हातात लिहिलेली संहिता नाही, कोणी काय बोलायचं ते रंगात आल्यावर तिथल्या तिथे. पहाटे दहीकाला फुटला की खेळ संपला.

आमच्या शेजारचे एक काका राजपार्टी, म्हणजे राजाचं काम, करायचे. मी लहानपणी देवळामागे जाऊन बघितलंय. मुकुट काढून फडक्यात गुंडाळून पेटाऱ्यात, मग खोबरेल घेऊन तोंडावरचा रंग पुसायचा, कानामागे थोडा राहायचाच. अंगावर परत मळका शर्ट. आणि दुपारी बघावं तर हेच काका वायंगणाला पाणी लावतायत, कानामागे गुलाबी रंग तसाच. रात्री ज्याच्यासमोर अख्खं गाव श्वास रोखून बसलं होतं त्याला बांधावरून कोणीतरी हाक मारायचं, 'रे, माझ्याय वाफ्याक पाणी सोड मरे!'

मुकुट नसलेला राजा म्हटलं की मला ॲरागॉर्नच्या आधी ते काका दिसतात.

कातळकडा

अबोली, वर्णन फर्मास. पण गणित उलटं आहे ना? ॲरागॉर्न खरा राजा, लोक त्याला भटक्या समजतात. तुमचे काका खरे शेतकरी, लोक रात्रभर त्यांना राजा समजतात.

अबोली

खरा कोण, हे तुम्ही मुकुटावरून ठरवताय. वनवासातला हरिश्चंद्र उभा करताना त्या माणसाला ते राज्य गेल्याचं दुःख कुठून सुचत असेल? पाठांतर तर नसतं. दिवसा डोक्यावर बोजा असतो म्हणूनच सुचत असेल.

तांडेल

अबोलीबाय, एकदम बरोबर!

भाताचं_खाचर

सिनेमात हे पत्र का नव्हतं? मी सिनेमाच बघितलाय फक्त.

कातळकडा

२००१ च्या सिनेमात पत्राचा प्रसंगच गाळलाय. तिसऱ्या भागात तलवार पुन्हा घडवतात तेव्हा कवितेचा उत्तरार्ध येतो, राखेतून आग वगैरे. भटक्यांची ओळ त्यात नाही. गंमत बघा, ज्या ओळीला सिनेमाने जागा दिली नाही तीच टी-शर्टवर जाऊन बसली.

आणि सभेतला प्रसंग राहिलाच. बोरोमिर नावाचा योद्धा ॲरागॉर्नकडे संशयाने बघतो, तेव्हा म्हातारा बिल्बो मित्रासाठी चिडून उभा राहतो आणि कविता म्हणून दाखवतो. वर सांगतो, ही मीच केलीय, फार पूर्वी, याने मला पहिल्यांदा स्वतःबद्दल सांगितलं तेव्हा. फार चांगली नसेल, पण मुद्द्याची आहे, अशीही मल्लिनाथी करतो. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने, म्हणजे टोल्किनने, स्वतःच्या गाजलेल्या कवितेवर स्वतःच मारलेला शेरा!

माडाखाली

गेले दोन दिवस गुपचूप वाचत होतो, आता राहवत नाही. माझा होमस्टे आहे, आणि ती ओळ माझ्या भिंतीवर आहे. पेंटर इंग्रजीत कच्चा होता, 'लॉस्ट'चं 'लास्ट' केलं होतं, मग दुरुस्त करून घेतलं. पाहुणे तिथे फोटो काढतात, माझी फुकट जाहिरात होते. एवढा खोल अर्थ असेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

सुरंगी

माडाखाली, स्वागत. एक विचारू? रागावू नका. एकटा माणूस, दाढी वाढलेली, चिखलाचे बूट, बुकिंग नाही, रात्री दहाला दारात आला तर खोली देता?

माडाखाली

खरं सांगू? बाहेर पाटी आहे, 'फक्त फॅमिली'.

रोकडा_सवाल

म्हणजे भिंतीवर ॲरागॉर्नची ओळ आणि ॲरागॉर्नला खोली नाही. 👏

माडाखाली

अहो, एकट्या माणसाला खोली द्यायची म्हणजे मागे कटकट. इथे दारू पिऊन समुद्रात उतरणारेही येतात, निस्तरावं आम्हाला लागतं. भटकणारे 'सगळेच' नसतात, पण कोण आहे आणि कोण नाही ते मी दारात उभं राहून कसं ओळखू? त्या बटरबरलाही ओळखता आलं नाही, त्याला तुम्ही सगळे हसताय.

अबोली

हा प्रश्न मात्र चोख आहे. फ्रोडोलाही पत्राच्या आधी खात्री नव्हतीच. तो म्हणतो, मला वाटलं होतं, निदान वाटावंसं वाटलं होतं. बास, पत्र यायच्या आधी तेवढंच त्याच्याजवळ होतं.

जुना_पेन्शनर

'परीक्षून सोडावीं'! मी सांगितलं होतं. आधी चहा द्यावा, दोन शब्द बोलावं, मग पाटी दाखवावी.

माडाखाली

काका, चहा देतो की. आधार कार्ड बघून खोलीही देईन. पण माझ्यासाठी कोणी पत्र वगैरे ठेवून जाऊ नका. आंब्याच्या सीझनला मी जेवायचंही विसरतो.

कातळकडा

गँडाल्फने पत्रात लिहून ठेवलं होतं, बटरबर विसरला तर त्याला भाजून काढीन. तेवढं लक्षात असू द्या.

मधली_आळी

भाजायचंच असेल तर बांगडे भाजा, मी येतो. सहकुटुंब.